सात नंबरची तिसरी सुई

१

घड्याळजी गेले ते वेळ न सांगता गेले. एरवी शिंक आली तरी किती वाजता आली हे सांगणारा माणूस. पण त्या सकाळी सहाला माईंची थोरली सून त्यांना उठवायला गेली, तर उशी घामाने चिंब, अंग गार आणि डोळे अर्धवट उघडे. तिने बोटातून थेंब काढून साखर मोजली. यंत्राने आकडा दाखवलाच नाही. इतकी कमी साखर त्याला मोजता येत नव्हती. थोरलीने शिरेतून साखरेचं पाणी चालू केलं, डॉक्टरांना फोन केला, छाती दाबली, हाका मारल्या. पावणेसातला सगळं थांबलं.

माईंच्या अकरा खाटांच्या घरात कुणी मरत नव्हतं असं नाही. म्हातारी, आजारी, घरच्यांना जड झालेली माणसंच तिथे यायची. पण ती आपल्या मरणाने मरायची. एका लुळ्या शेजारणीला माईंनी आपल्या खोलीत ठेवून घेतलं, तिथून हे घर सुरू झालं. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईने अकरा खाटा उभ्या केल्या, ही गोष्ट दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवल्याशिवाय माईंचा चहा घशाखाली उतरत नसे.

डॉक्टरांनी सात नंबरच्या खाटेखालचा पिवळा डबा ओढून काढला. प्रत्येक खाटेला असा डबा होता. वापरलेली सुई त्यात टाकायची आणि रोज सकाळी सहाला तो रिकामा करायचा, हा माईंनीच घालून दिलेला नियम. आजच्या धावपळीत तो रिकामा व्हायचा राहिला होता. डॉक्टरांनी तो ताटलीत ओतला.

"माई, घड्याळजींना साखरेची, म्हणजे इन्सुलिनची सुई दिवसातून दोनदा. बरोबर?"

"सकाळी एक, रात्रीच्या जेवणाला एक. आठ वर्षं झाली."

"मग कालच्या दोन सुया हव्यात. या तीन आहेत."

कुणीतरी संध्याकाळचा डोस दोनदा दिला होता. डॉक्टर हळू बोलत होते, पण वॉर्डातल्या दहा खाटा श्वास रोखून ऐकत होत्या. संध्याकाळी पाचला मी कागद घेऊन येतो, ते म्हणाले. त्यात सुई कुणाच्या हातून गेली ते नाव लिहावं लागेल. मग त्या नावाचा परवाना जाईल, चौकशी लागेल, कोर्टही लागेल. नाव मिळालं नाही तर पूर्ण घराला टाळं.

माईंनी मान वर करून समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे काळा, मोठा, टीव्हीसारखा पडदा लावलेला. सगळ्यात वर घड्याळ, त्याखाली अकरा ओळी, प्रत्येक खाटेला शेवटचं औषध कधी दिलं ते सांगणाऱ्या. कालपासून त्यावरचे आकडे बोटभर मोठे झाले होते. माईंनीच करून घेतले होते, आणि आता ते चष्म्याशिवाय दिसत होते.

वर वेळ होती ०७:२०. सातव्या ओळीत होतं: साखर, ०८:०५.

माईंना त्यात काहीतरी खुपलं. काय खुपलं ते मात्र कळेना.

२

संध्याकाळच्या सिस्टरला घरात सगळे लगबग म्हणत. चारला यायची, दहाला जायची, आणि या सहा तासांत तिचे दोन्ही पाय एका वेळी जमिनीवर टेकलेले कुणी पाहिले नव्हते. माईंना ती पहिल्या दिवसापासून पसंत नव्हती. घाईने चालणारी बाई घाईने विसरतेही, असं त्यांचं म्हणणं. ती येईपर्यंत माईंचा निकाल लागून गेला होता. आता फक्त ती कबूल कशी होते ते पाहायचं होतं.

बातमी ऐकून लगबग सकाळीच आली ती रडतच आली. आठ वर्षांत घड्याळजींनी तिचं मनगटी घड्याळ चारदा दुरुस्त करून दिलं होतं. माईंनी तिला बसही म्हटलं नाही. काल रात्री तू दहाला गेलीस का, एवढंच विचारलं.

ती गेली नव्हती. तिची आई जिन्यात पडली होती, शेजाऱ्यांचा फोन आला, म्हणून ती सव्वासातलाच निघाली. पण जाण्याआधी सात नंबरला लवकर जेवू घातलं, सुई दिली आणि पडद्याखालच्या यंत्रात नोंद केली. सात वाजून दहा मिनिटांनी. वेळ तिला पक्की आठवत होती, कारण घड्याळजींनीच सांगितली होती.

"आणि थोरलीला सांगून गेलीस?"

"वहिनी वर झोपल्या होत्या. आदल्या रात्रीची जाग होती त्यांना. उठवावंसं वाटलं नाही. आणि माई, नोंद केली की पडद्यावर दिसतंच ना सगळ्यांना. पडदा लावलाय कशासाठी मग?"

हा प्रश्न माईंना उद्धटपणा वाटला. मग त्यांच्या तोंडाचा पट्टा जो सुटला तो वॉर्डाच्या दोन्ही टोकांना ऐकू गेला. सुई दिली असतीस तर नोंद असती. नोंद असती तर थोरलीने पुन्हा दिली नसती. खोटं बोलायला तरी बसून बोलावं, पळता पळता बोललं की पाय अडकतात. पाच नंबरच्या आजीने तोंड भिंतीकडे वळवलं.

पदराने तोंड पुसून लगबग म्हणाली, "दिली, माई. त्यांच्या दंडाला विचारा." आणि जिना उतरून गेली.

तिला पाठवणाऱ्या कचेरीला माईंनी लगेच फोन लावला. ही बाई आम्हाला नको, आणि का नको तेही सांगितलं. फोन ठेवताना त्यांना बरंच हलकं वाटलं. पाचला द्यायचं नाव मिळालं होतं. थोरली वाचली.

तेवढ्यात त्यांना आठवलं की पिवळ्या डब्यात सुया तीन आहेत. सकाळची एक थोरलीची. लगबगने दिलीच नसेल, तर उरलेल्या दोन कुणाच्या?

३

थोरली स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली होती, हात मांडीवर उलटे ठेवून, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

ती माईंच्या थोरल्या मुलाची बायको. मुलगा गेला तेव्हा ती तिशीतही नव्हती. माहेरून बोलावणी आली, पण तिने नर्सिंगचा परवाना काढला आणि इथेच राहिली. तिच्याजवळ या घराशिवाय आणि त्या कागदाशिवाय काही नव्हतं. माईंनी तिला कधी लेक म्हटलं नाही, कारण लेक म्हटलं की लाड करावे लागतात. पण सात नंबरची चादर असो की स्वतःच्या छातीतली कळ, माई आधी तिलाच हाक मारत.

माई शेजारी बसल्या. कधी नव्हे ते आवाज उतरवून विचारलं, तू संध्याकाळी सुई दिलीस का.

"दिली. आठ वाजून पाच मिनिटांनी. खाली आले तर सिस्टर कुठेच नाही. मला वाटलं, जेवणं वाढून औषधं न करताच गेली. ओळीने सगळ्यांची औषधं केली."

"सात नंबरला आधी कुणी दिलीय का, ते पाहिलंस?"

थोरलीने सासूकडे पाहिलं. आठ वर्षांत न बघता सुई दिली नाही माई, ती म्हणाली. पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर सकाळचीच नोंद होती. संध्याकाळची नव्हती.

"खरं सांग. परत विचारणार नाही."

"खरंच सांगतेय. त्यांना विचारलंसुद्धा, जेवलात का. हो म्हणाले. मग मी सुई काढली तर..." ती थांबली. "तर म्हणाले, पुन्हा?"

माई तिच्याकडे वळल्या.

"मग?"

"ते रोजच म्हणायचे. रोज प्रत्येक सुईला. पुन्हा? पुन्हा? मी काल हसले, माई. मीच म्हणाले, हो, पुन्हा."

नंतर एकदा फेरी मारली तेव्हा त्यांना घाम आला होता. तिला वाटलं खोली कोंदट आहे. तिने पंखा लावला आणि चादर काढून घेतली.

माई उठल्या. लगबग म्हणते, नोंद केली. थोरली म्हणते, नोंद नव्हती. दोघींपैकी एक खोटं बोलत होती, आणि दोघींच्याही तोंडावर खोटं दिसत नव्हतं. मग मधल्या मध्ये ती नोंद गिळली कुणी?

काल संध्याकाळी वॉर्डात आणखी एक माणूस होता. नावालाच रक्ताचा.

४

पुतण्या खाली प्रेताजवळ बसला होता. चाळिशीचा, कोट घालणारा माणूस. घड्याळजींचं बंद दुकान त्याला स्वतःच्या नावावर हवं होतं आणि घड्याळजी सही करत नव्हते, हे वॉर्डातल्या बहिऱ्या माणसालाही माहीत होतं. माईंना तो असा मिळाला की जणू पाण्यात बुडणाऱ्याला फळी मिळाली. काल दुपारी त्यांनीच त्याला वॉर्डातून बाहेर काढलं होतं. मग तो संध्याकाळी परत का आला, हा प्रश्न त्यांनी वकिलासारखा टाकला.

"तुमच्यामुळेच आलो," तो म्हणाला.

माईंनी भुवया वर केल्या.

"भेटीची वेळ चारपर्यंत. तुम्ही मला हाकललं तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. माझी शंभर मिनिटं राहिली होती. सिस्टरला सांगितलं, तर तिने सात वाजता दहा मिनिटं बसू दिलं. तीच माझी शेवटची भेट, माई. भांडायला आलो होतो. भांडलोच."

ती दुपार माईंना आठवायची नव्हती, पण आता ती समोर येऊन उभी राहिली. वॉर्डात पुतण्या मोठ्याने बोलत होता. माईंनी पडद्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिथे होतं १४:२०. चौदातला चार त्यांनी धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चार वाजून वीस मिनिटं झाली. वेळ संपली. चालायला लागा."

पुतण्या हसला होता. अहो माई, चौदा म्हणजे दोन. पाच नंबरची आजी हसली, नऊ नंबरचे मास्तर हसले. अकरा खाटा उभ्या करणाऱ्या बाईला घड्याळ वाचता येत नाही. माई नेहमीचं म्हणाल्या, चष्मा खाली राहिला. त्यांचा चष्मा तेव्हा नाकावरच होता.

फक्त घड्याळजी हसले नव्हते. पन्नास वर्षं घड्याळांच्या पोटात हात घातलेला माणूस पडल्या पडल्या म्हणाला होता, "माईंचं काय चुकलं? घड्याळ अर्धंच सांगतं. उरलेलं अर्धं खिडकीला विचारायचं असतं."

पुतण्या आत्ता हसत नव्हता. माईंनी शेवटचा प्रश्न विचारला, नको असलेल्या औषधासारखा तोंडात धरून. तू तिथे असताना सिस्टरने काय केलं?

"जेवण भरवलं. सुई दिली. मग यंत्रात काहीतरी दाबलं. काका म्हणाले, सात दहा. सवयच त्यांची."

लगबग खरं बोलत होती.

म्हणजे थोरली.

५

माईंच्या धाकट्या मुलाला घरात मुका म्हणत. बोलता यायचं, पण दिवसाला दहा शब्द पुरायचे. घरातला कॉम्प्युटर, पडदा, नोंदी, सगळं तो पाही. माई त्याच्या खोलीत शिरल्या आणि दार लावून घेतलं. त्यांना एकच आशा उरली होती: लगबगने नोंद केली, पण यंत्राने खाल्ली. यंत्रावर खटला चालत नाही.

"काल सात नंबरची कुठली नोंद पुसली गेलीय का?"

मुक्याने मान हलवली. आतली नोंद पुसता येत नाही, माई. कुणालाच नाही. त्याने एक कागद छापून त्यांच्या हातात दिला. त्यावर तीन ओळी, प्रत्येकीपुढे नाव.

०७:०८, थोरली.
१९:१०, सिस्टर.
२०:०५, थोरली.

मधली ओळ तिथे होती. थोरली पडद्यापुढे उभी होती तेव्हाही असणारच. माईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. सुनेने पडदा पाहिलाच नव्हता, किंवा पाहून दिली होती, आणि पायरीवर बसून सासूच्या तोंडावर खोटं बोलली होती. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या.

बसल्यावर पुन्हा कागदाकडे पाहिलं. एकोणीस म्हणजे किती, हे त्यांना बोटांवर मोजावं लागलं. बारा, मग तेराला एक, चौदाला दोन. पोराच्या पुढ्यात बोटं मोजायची लाज वाटायलाही आता जागा नव्हती. एकोणीसला सात. वीसला आठ.

वीस पाच. आठ पाच. सकाळी पडद्यावर सातव्या ओळीत ०८:०५ होतं आणि वर घड्याळात ०७:२०. सकाळचे आठ तेव्हा वाजायचे होते. खुपलं होतं ते हे. जी वेळ अजून आलीच नव्हती ती पडद्यावर होती, आणि ती काल संध्याकाळची होती.

"कागदावर एकोणीस आहे," माई सावकाश म्हणाल्या. "मग पडद्यावर का नाही?"

मुका खाली बघत राहिला.

"बोल. आज तरी बोल."

"आत वेळ पूर्णच असते. भिंतीवर ती कशी दिसावी हे सेटिंगमध्ये लिहावं लागतं. चोवीस तासांची हवी तर एक अक्षर, बारा तासांची हवी तर दुसरं. पुढे सकाळ की संध्याकाळ ते दाखवायला आणखी एक." एवढं एका दमात तो वर्षभरात बोलला नव्हता. "काल दुपारी बदललं."

"कुणी सांगितलं?"

त्याने वर माईंकडे पाहिलं.

पुतण्या बाहेर गेल्यावर माई थेट याच खोलीत आल्या होत्या. माझ्या घरात एकोणीस वाजत नाहीत, म्हणाल्या होत्या. घड्याळाला बारा आकडे असतात, तेवढेच दाखव. मुक्याने तसं केलं, तर वेळेपुढे दोन इंग्रजी अक्षरं आली. ही शेपटं कसली, ती काढ. तो म्हणाला, मग मराठीत सकाळ-संध्याकाळ लिहितो. लिहून दाखवलंही, पण ओळ लांब झाली आणि आकडे बारीक झाले. माईंना आकडे मोठे हवे होते, वॉर्डाच्या दारातून वाचता येतील असे, कुणापुढे चष्म्याचं नाव न काढता. शेपटं गेली, तारीख गेली, आकडे बोटभर झाले.

"मी म्हणालो होतो, गोंधळ होईल," मुका म्हणाला.

"आणि मी काय म्हणाले?"

"दिवस आहे की रात्र, ते कळायला माणसांना डोळे दिलेत."

माई उठून वॉर्डात गेल्या. पडद्यापुढे, थोरली उभी राहिली असेल तिथे, उभ्या राहिल्या. आठ वर्षं थोरलीने या भिंतीवर संध्याकाळचे सात कधी पाहिलेच नव्हते. संध्याकाळी इथे एकोणीस वाजत. त्यामुळे सात दिसले की ती सकाळ, हे तिच्या डोळ्यांनी ठरवूनच टाकलेलं. त्यात लगबग नेहमी आठला सुई देई. काल तेवढी पळापळीत सातला दिली. पडद्यावर ०७:१०. थोरलीची सकाळची सुई ०७:०८ ची. दोन मिनिटांचा फरक कोण लक्षात ठेवतो? तिने पाहिलं, नीट पाहिलं, आणि सकाळचीच नोंद दिसली. आकडे बदलले हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि वरच्या घड्याळाकडे न पाहता तिने थेट सातवी ओळ पाहिली असणार. ती तेव्हा वर झोपली होती, आदल्या रात्री याच वॉर्डात जागून.

दोघी खरं बोलत होत्या. अर्धं घड्याळ बोलत होतं, आणि उरलेलं अर्धं माईंनी पुसायला लावलं होतं.

सात नंबरची खाट खिडकीला लागून होती. रिकामी. खिडकीत नुसतं ऊन होतं, आणि विचारावं असं कुणी उरलं नव्हतं.

६

दुपारी माईंनी लगबगला पाठवणाऱ्या कचेरीला पुन्हा फोन केला. सकाळचं खोटं होतं, सिस्टर निर्दोष आहे, चूक माझी. तिकडची बाई थंडपणे म्हणाली, तुमची तक्रार लेखी नोंदली गेली आहे. सिस्टरला सगळ्या कामांवरून थांबवलंय. आता चौकशी होईल तेव्हा बघू. लगबगने स्वतः फोन उचलला नाही. तीनदा वाजून बंद झाला. चौथ्यांदा माईंनी लावला नाही.

पाचला डॉक्टर आले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरला. थोरली भिंतीला टेकून उभी, मुका दारात. माईंनी सगळं सांगितलं, चौदापासून शेपटांपर्यंत, काही न गाळता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी परक्या माणसापुढे सांगितलं की मला ते आकडे वाचता येत नव्हते. मग म्हणाल्या, "नाव माझं लिहा."

डॉक्टरांनी कागद त्यांच्याकडे वळवला, बोट ठेवलं. "माई, इथे विचारलंय, इंजेक्शन कुणी दिलं. पडद्यावरचे आकडे कुणी बदलायला लावले, असा रकाना यात नाही."

"मग करा."

"सरकारी कागदाला मी रकाना कसा करू? खाली 'इतर' म्हणून तीन ओळी आहेत. तिथे लिहितो. वाचतील की नाही, सांगता येत नाही."

"माझ्या हातून झालं असं लिहा. मीच सुई दिली म्हणून लिहा."

"नोंदीत नाव आहे, माई. आतली नोंद पुसता येत नाही ना?"

मुक्याने मान खाली घातली. थोरली भिंतीपासून सरळ झाली.

"माझं लिहा, डॉक्टर," ती म्हणाली. "सुई माझ्याच हाताने गेली. ते पुन्हा म्हणाले, ते मीच ऐकलं."

डॉक्टरांनी लिहिलं. लेखणीचा आवाज स्वयंपाकघरात फार मोठा वाटत होता. परवान्याचा नंबर त्यांनी विचारला. थोरलीने तो न बघता सांगितला, जन्मतारीख सांगावी तसा.

माईंना तिचा हात धरायचा होता. पण धरला तर ती काढून घेईल की काय, या भीतीने त्यांनी तो टेबलाच्या कडेवरच ठेवला. थोरलीने ते पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आठ वर्षं," ती म्हणाली. "एकदा नुसतं म्हणाला असतात, माई, हे मला वाचता येत नाही म्हणून. मी शिकवलं असतं. बारा वजा करायचे. पाच मिनिटांचं काम होतं."

आणि ती वर गेली. तिच्या खोलीतून पेटी ओढल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. भरत होती की नुसतीच तिच्यावर बसली होती, ते विचारायला जाण्याचा हक्क माईंना स्वतःकडे उरलेला दिसेना.

'इतर'च्या तीन ओळींत डॉक्टरांनी माईंचं म्हणणं बसवलं. नीट बसेना, म्हणून अक्षर बारीक केलं. खाली माईंची सही हवी होती, आणि सहीपुढे वेळ.

"वेळ मी घालतो," डॉक्टर म्हणाले.

"द्या इकडे."

माईंनी लेखणी घेतली. आपलं नाव लिहिलं, दुसरीतल्या पोरीच्या अक्षरात, ओळ सोडून वर गेलेलं. मग त्या थांबल्या. बाहेरच्या भिंतीवर मुक्याने दुपारीच सगळं पूर्ववत केलं होतं. दारातून सातवी ओळ दिसत होती: २०:०५. ती आता कधी बदलणार नव्हती. माईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. टेबलाखाली डाव्या हाताची बोटं हलली. बाराला बारा. तेराला एक. चौदाला दोन, इथे त्या पुन्हा अडल्या, आणि पुढे गेल्या. पंधरा. सोळा.

कागदावर त्यांनी लिहिलं, १७:००.

"बरोबर आहे?" त्यांनी विचारलं.

कुणीच हसलं नाही.